सुतकातली शर्यत

आत्या, मी काल सांगलीला जाऊन शर्यत पळून आले. तुमचं उत्तरकार्य अजून व्हायचं आहे, घरात सुतक आहे, बाहेरच्या खोलीत तुमच्या फोटोपुढे दिवा लावलेला आहे, आणि तुमची सून पायात स्पाइक्स घालून अडथळ्यांवरून उड्या मारून आली. गल्लीत कळायचं ते कळलं आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुम्हाला सांगण्याआधी मीच सांगते.

पेपरात तुमचा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या. मनमिळाऊ! आपल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी दूध प्यायला येणाऱ्या माणसांनी ते वाचून काय केलं असेल, याचा विचार करून मला त्या दिवशीसुद्धा हसू आलं. कोपऱ्यावर म्हशी बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा, एवढा साधा आपला धंदा. पण तुमच्या हातून पेला घेताना धट्टीकट्टी माणसं खाली बघायची. एकानं एकदा 'पाणी घालत नाही ना मावशी' असं गमतीनं विचारलं, तर तुम्ही त्याला म्हशीखाली वाकून बघायला लावलंत आणि वर म्हणालात, "बग, नळ बसीवलाय का कुठं?" तो माणूस अजून येतो. परवा येऊन कट्ट्यावर नुसताच बसून गेला.

तुमचं माझं नातं म्हणजे भांडण. लग्न होऊन आले तेव्हापासून आपण आमटीतल्या मिठावरून भांडलो, पेंड किती भिजवायची यावरून भांडलो, मी आजऱ्याची म्हणून भात जास्त लावते यावरून तर रोज भांडलो. मला इथं आल्यावर वाटायचं, ही बाई मला कधी आपली म्हणणार नाही. मग हळूहळू लक्षात आलं, की ज्यांच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही त्यांच्याशी तुम्ही भांडतच नाही. त्यांना तुम्ही पावणं म्हणता आणि चहा देऊन वाटेला लावता. मला तुम्ही एकदाही चहा देऊन वाटेला लावलं नाहीत.

अडथळ्यांचं हे सगळं प्रकरण आपल्या गजरा म्हशीमुळे सुरू झालं. दिवाळी जवळ आली होती. पाडव्याला आपल्याकडे म्हशी पळवतात, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून. मालक पुढे मोटरसायकलवर, मागे त्याच्या आवाजावर म्हैस. त्यासाठी तुम्ही गजराला महिनाभर आधीपासून हाकेची सवय लावत होता. त्या दिवशी कुणीतरी सायलेन्सर काढलेली गाडी तिच्या कानाशीच सुरू केली आणि ती बिथरून मोठ्या रस्त्याला लागली. मी गाऊनवर टॉवेल टाकून धार काढायला बसले होते, तशीच उठून धावले. पुढे रस्ता खणलेला, दोन पिंपांवर आडवा बांबू. गजरा वळसा घालून गेली. मी वळसा घातला नाही.

मी ठरवून काही केलं नाही, आत्या. उजवा पाय आपला आपण वर गेला, डावा मागून आडवा होऊन आला, आणि मी पलीकडे उतरून पळतच होते. कॉलेजात असताना मी अडथळ्यांच्या शर्यतीत विद्यापीठाच्या संघातून पळायचे, हे तुम्हाला लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं आणि तुम्ही ते 'मुलगी कामाला चपळ आहे' असं समजून घेतलं होतं. त्यानंतर एवढ्या वर्षांत त्या पायाला कुणी विचारलं नव्हतं. वेशीपाशी मी गजराचं दावं धरलं तेव्हा मला धाप लागली होती आणि मी हसत होते. तुम्ही मागून आलात, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बाईमाणूस हाईस का कोण? गाऊन फाटला बग सगळा."

आठवडाभरानं जेवताना मी सांगितलं, की पस्तिशीच्या पुढच्या माणसांच्यासुद्धा स्पर्धा असतात, त्याला मास्टर्स म्हणतात, आणि मी त्यात अडथळ्यांची शर्यत पळणार. हे हसले. मग माझं तोंड बघून ताटात बघायला लागले. तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. "आता कुणाला दाखवायचं हाय पळून? ह्या वयात माणूस देवाला जातंय. जोतिबाला जा चढून, तेवढंच पळणं हुतंय, पुण्यबी लागतंय." मी म्हणाले, जोतिबाला जाताना वाटेत अडथळे लावून द्या, मग जाते. तुम्ही उठून गेलात. हात धुताना मात्र यांना विचारलंत, "अडथळं म्हंजी किती उंच असत्यात?"

मी मैदानावर जायला लागले. सकाळच्या धारा झाल्या, दूध पोचलं की जायचं. यांनी पाइप कापून अडथळे करून दिले. आणि तिथं मला कळलं, की वय पायात नसतं, खुब्यात असतं. पुढचा पाय उचलायला तयार होता, मागचा आडवा वळायलाच राजी नाही. कॉलेजात जो पाय मांडीपासून सहज उघडून यायचा, तो आता गंजलेल्या दारागत अर्ध्यावर अडायचा आणि गुडघा जाऊन पाइपाला लागायचा. रोज गुडघा काळानिळा. रोज मी पाइप पाडायचे, परत लावायचे. फिरायला येणारी माणसं थांबून बघायची. बायका एकमेकींना कोपर मारायच्या. एका काकांनी 'ताई, योगा करा' असं सांगितलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही करा, मी पळते.

मग एक दिवस पाहिलं तर मैदानाच्या कडेला तुम्ही. हॉटेलात दूध घालून परतताना वाट वाकडी करून आला होतात, हातात रिकामं कॅन. माझ्यावर नजर ठेवायला आला होतात, हे तुम्ही पुढे कधी कबूल केलं नाहीत. मी लागोपाठ तीन पाइप पाडले. तुम्ही तिथूनच ओरडलात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं:

"रोज पाडतीस, मग रोज लावतीस कशाला?"

फिरणारी माणसं हसली. मला इतका राग आला, की पुढची फेरी मी एकही पाइप न पाडता गेले. तुम्ही कॅन पालथं घातलंत आणि त्यावर बसलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. मग रोजच. थंडीत डोक्याला मफलर गुंडाळून, पदर खोचून, पालथ्या कॅनवर बसलेली माझी सासू. माझ्याबरोबर पळायला येणाऱ्या मुली तुम्हाला माझी कोच समजायच्या. त्यातल्या एकीनं 'मॅडम' म्हणून तुम्हाला काही विचारलं, तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत, "मला त्यातलं काय बी कळत न्हाय. मी हिला घरी न्यायला आलोय." तुम्हाला खरंच काही कळत नव्हतं. दोन्ही पाय जोडून उडी का मारत नाही, पळता पळताच का मारते, हे मी तुम्हाला कितीदा समजावलं आणि तुम्ही कितीदा 'बेडूक कसं मारतंय' म्हणून वाद घातलात!

तुम्ही हाक मारायला लागलात ती नंतर. शेवटच्या पाइपापलीकडे उभ्या राहून, गजराला मारायच्या तशी, पोटातून ओढलेली हाक. मी वैतागले. म्हटलं, आत्या, मी म्हैस नाही.

"म्हस असतीस तर बरं झालं असतं. तिला एकदा सांगितलं की कळतंय."

आणि ती पुण्यातली पहिली स्पर्धा! आत्या, त्या दुधाचा वाद आपण आजवर मिटवला नाही, आणि आता मीच एकटी राहिले म्हणून तो माझ्या बाजूनं मिटला असं समजणार नाही, तेवढा खरेपणा माझ्यात आहे. तुम्ही सोबत आलात. मी सकाळी फक्त एक केळं खाल्लं, त्यानंच तुमचा जीव खाली-वर व्हायला लागला. रिकाम्या पोटी पळणार? मी छातीवरचा नंबर घ्यायला गेले तेवढ्यात तुम्ही गायब. त्या अनोळखी शहरात, कुणाला विचारत विचारत, तुम्ही स्टेडियममागच्या वस्तीत गोठा शोधून काढलात. तिथल्या बाईशी गोड बोलून तिची म्हैस स्वतः पिळलीत. आणि माझी शर्यत पुकारायच्या वेळेला तुम्ही दरवाजावरच्या माणसाला ढकलून आत आलात, हातात तांब्याभर धारोष्ण दूध, वर फेस. "पी."

मी नको म्हणाले. तुम्ही तांब्या माझ्या तोंडाशी धरलात. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. कोल्हापुरातल्या माणसाला शर्यतीआधी काय करावं असं विचारलं तर तो हेच सांगेल, आणि मी कोल्हापूरची सून, मी प्यायले. सगळा तांब्या. पहिल्या अडथळ्यावर ते दूध हललं. दुसऱ्यावर वर आलं. पुढची सगळी शर्यत मी तोंड घट्ट मिटून पळले आणि शेवटची रेघ ओलांडल्यावर पंचांच्या टेबलाशेजारीच ओकले. तुम्ही धावत आलात, माझी पाठ चोळलीत, खाली पडलेलं बघितलंत आणि मान हलवलीत.

"दुधाला नावं ठिऊ नगंस. ती म्हसच वाईट हुती. मला धारंलाच कळलतं."

परतीच्या सबंध वाटेत आपण भांडलो. मी म्हणत होते, दूध पचायला वेळ लागतो. तुम्ही म्हणत होता, आपल्या गजराचं असतं तर पहिली आली असतीस. मागच्या सीटवरच्या माणसानं हात जोडले. मला त्या दिवसाइतकं हसू पुन्हा कधी आलं नाही.

मग हा उन्हाळा. मैदानावर ऊन तापायच्या आधी मी शेवटची फेरी मारत होते. तिसऱ्या अडथळ्याला माझा मागचा पाय अडकला, आता पाइपाचे नव्हते, स्पर्धेसारखे लोखंडी पायांचे खरे अडथळे होते, आणि मी तोंडावर गेले. भुवई फुटली. मनगट मोडलं. मला आठवतं ते एवढंच, की तुम्ही आलात आणि पदर माझ्या कपाळावर दाबून धरलात. रिक्षात तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही बोलला नाहीत, यानंच मी जास्त घाबरले. दवाखान्यात डॉक्टर टाके घालताना मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या होता.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "बास झालं. आता न्हाय."

मी म्हटलं, हात बरा झाला की जाणार. सांगलीची स्पर्धा आहे, नाव दिलंय.

"नाव काढून टाक."

त्यानंतर तुम्ही मैदानावर आला नाहीत. हात बरा झाला तशी मी परत जायला लागले. रोज सकाळी मी बूट घालायला दारात बसले, की तुम्ही आतून भांडं आपटायचा. आणि एकदा मी तो विषय काढला, जो घरात कुणी काढत नाही. मामांचा, तुमच्या मालकांचा. मामा पाडव्याला म्हैस पळवताना गेले. पुढे त्यांची मोटरसायकल घसरली, ते रस्त्यावर आडवे पडले, डोकं आपटलं. मागून म्हैस भरधाव येत होती. ती त्यांच्यावरून उडी मारून पलीकडे गेली, खूरसुद्धा लागू दिला नाही, असं सगळं कोल्हापूर सांगतं. पण मामा उठले नाहीत. तेव्हा मी या घरात यायची होते. लोकांनी तुम्हाला सांगितलं, ती म्हैस विका, ती अपशकुनी आहे. आणि पुढच्या पाडव्याला तुम्ही, एक विधवा बाई, त्याच म्हशीची शिंगं रंगवून, मोटरसायकल नाही म्हणून पायी पुढे पळत, तिला रस्त्यानं घेऊन गेलात. बायकांनी तोंडाला पदर लावले. तुम्ही त्यांना म्हणालात, तिनं न्हाय मारलं, ती चुकवून गेली. ही गोष्ट मला लग्नाआधीच माहीत होती. खरं सांगते, तुमच्या घरी यायला मी हो म्हटलं ते या गोष्टीवर.

तेच मी तुम्हाला ऐकवलं. म्हटलं, तुम्ही त्या म्हशीला बाहेर काढलंत ना? सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून? मग मलाच का बांधून घालताय?

तुम्ही वैरण कापत होता. विळी थांबली. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ती म्हस हुती. तू माझी हाईस."

मी चिडून मैदानावर निघून गेले. आपलं भांडण तिथंच राहिलं आहे, आत्या. याला उत्तर द्यायला मला वेळ हवा होता. एवढ्या वर्षांत जे तुम्ही म्हणाला नव्हता ते तुम्ही मला अडवण्यासाठी म्हणालात, आणि याचा मला आनंद झाला की राग आला, हे मला अजून ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही.

आणि मग तुम्ही गेलातच. गजराच्या गव्हाणीला टेकून बसला होता. मला वाटलं दमलात. मी लांबूनच ओरडले, थंड फरशीवर बसू नका, मग कंबर धरली म्हणून मलाच बोलाल. तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत. तेव्हाच मला कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी माणसं पंचगंगेवरून परतली आणि घर गच्च भरलेलं असताना गोठ्यात म्हशी हंबरायला लागल्या. कासा भरून आल्या होत्या. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी तुमची लेक, आमच्या मंगलवन्संच, म्हणाल्या, "वैनी, जा बाई, धार काढ. मुक्या जनावराला काय सांगायचं?" मी डोळे पुसले आणि बसले गजराखाली. घरात सुतक, आणि दूध कट्ट्यावर गेलं. देवाच्या अभिषेकाला नेणारे तेवढे दुसरीकडे गेले, प्यायला येणारे सगळे आले. कुणीही काही म्हणालं नाही.

म्हणून मला त्या दिवशी फार राग आला, जेव्हा मी सांगलीला जाणार म्हणाले आणि खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. रक्षाविसर्जन झालेलं, पाव्हण्यांनी आणलेल्या भाकऱ्यांची भांडी अजून परत जायची होती. कुणीतरी म्हणालं, लाज आहे का. कुणीतरी म्हणालं, हिला पहिल्यापासून सासू नकोच होती. मी त्या बाईंचं नाव तुम्हाला सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही वरून खाली याल. मी एवढंच म्हटलं, धार काढताना सुतक नव्हतं, मग पळतानाच कुठून आलं?

मंगलवन्सं पुढे आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांच्याशी मला भांडायचं नव्हतं.

"सुतकाचं सोड, वैनी. आई नको म्हणलती की. तिचं शेवटचं सांगणं हुतं ते तुला. गेलेल्या माणसाचा शब्द मोडतीस?"

हे मात्र मला लागलं. मी रात्रभर विचार करते असं सांगून बाजूला होऊ शकले असते. पण आत्या, मला तुम्ही तसं शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "वन्सं, त्या होत्या तेव्हा मी त्यांचा शब्द रोज मोडत होते. आता गेल्या म्हणून पाळायला लागले, तर त्यांना तरी ते खरं वाटेल का?"

वन्सं रडायला लागल्या. मीही रडले. पण नाव काढून टाकलं नाही.

यांना विचारलं तर म्हणाले, "मी जा म्हणणार न्हाय आन् नको बी म्हणणार न्हाय." मला वाटलं, झालं, हेही गेले तिकडच्या बाजूला. पण सकाळी गोठ्यात जाऊन पाहते तर सगळ्या धारा काढून झालेल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी एकट्यानं सगळ्या म्हशी पिळल्याचं तुम्ही पाहिलं आहे का? मीही पाहिलं नव्हतं. स्टँडवर सोडायलाही तेच आले. बस हलली तेव्हा हात वर केला आणि लगेच खाली घेतला.

सांगलीत मैदानावर सोलापूरची एक बाई माझ्याच गटात होती. पन्नाशीच्या उंबऱ्यावरची, केसांना मेंदी लावलेली. तिनं माझ्या डोळ्यांकडे बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, सासू गेली. कधी, तेही सांगितलं.

"आणि आलात?"

"आले."

ती म्हणाली, "माझी तर जिती आहे, तरी सोडत नाही. लग्नाला चालले म्हणून आलेय मी." तिनं पिशवी उघडून दाखवली. आत शालू, मोगऱ्याचा गजरा आणि डबीत नथ होती, घरी जाताना नेसून जायला. आम्ही दोघी त्या पिशवीवर वाकून हसलो, आणि हसता हसता मला पुन्हा रडू आलं, आणि तिनं माझा हात धरून ठेवला.

रेघेवर उभी राहिले तेव्हा मी तुमच्यावर चिडलेली होते. हे मला तुम्हाला सांगायचंच आहे. लोक म्हणतात, अशा वेळी गेलेलं माणूस पाठीशी उभं राहतं. तुम्ही माझ्या पाठीशी नव्हता. तुम्ही माझ्या पुढे होता, तिसऱ्या अडथळ्यापाशी, हात आडवा लावून, बास झालं म्हणत. बंदूक वाजली आणि मी तुमच्या अंगावर धावून गेले. पहिला गेला. दुसऱ्याला गुडघा लागला, तो पडला, पडू दे. तिसरा आला तेव्हा मनगट आपोआप छातीशी आलं, सगळं अंग म्हणत होतं, थांब, बाजूनं जा. मी थांबले नाही. बाजूनंही गेले नाही. पुढचा पाय टाकला, मागचा त्या हट्टी खुब्यातून ओढून आणला आणि पलीकडे उतरले. त्यानंतरचे अडथळे मला आठवत नाहीत. माझ्या मागे फक्त एक बाई होती, आणि ती लग्नाला आलेली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी गवतावर बसले आणि तुमच्या नावानं मोठमोठ्यानं रडले, माणसं बघत होती तरी रडले. माझं माणूस गेलं आहे. मी का रडू नको? आणि मी का पळू नको?

संध्याकाळी घरी आले. बाहेरच्या खोलीत सगळी माणसं बसलेली. माझ्या हातात स्पाइक्सची पिशवी. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. मंगलवन्सं आतून आल्या. त्या सरळ माझ्यापाशी आल्या, माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं, भुवई बघितली. मनगट हातात घेऊन दाबून बघितलं. मग विचारलं, "पडलीस का?"

"न्हाय, वन्सं."

"बरं," त्या म्हणाल्या. मग खोलीकडे वळून, अगदी तुमच्या आवाजात म्हणाल्या, "काय बघताय सगळी? कधी माणूस बघितलं न्हाय व्हय? चहा टाकलाय, घ्या आन् जावा घरला." आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेल्या. कितवी आलीस, हे त्यांनी विचारलं नाही. या घरात ते तुम्हीही कधी विचारलं नव्हतंत.

तर आत्या, मी पडले नाही. तुमची भीती मी खोटी ठरवली असं म्हणत नाही, पुढच्या खेपेला पडेनही. हाड मोडेल, टाके पडतील. तरी जाईन. साठीला जाईन, सत्तरीला जाईन, कंबर मोडेपर्यंत जाईन. तुम्ही माझ्या आहात म्हणून मी तुमचं ऐकायचं, आणि मी तुमची आहे म्हणून तुम्ही मला अडवायचं, हा हिशेब मला मान्य नव्हता आणि आजही नाही. आज सकाळी मी पुन्हा बूट घालायला दारात बसले. नाडी बांधली, सोडली, परत बांधली. आत कुणी भांडं आपटलं नाही. कुणीच मला नको म्हणालं नाही, आत्या, आणि मला उठता येईना. मग मीच मोठ्यानं म्हटलं, जाणार, काय करायचं ते करा, आणि गेले.